मोडण्याचा अभ्यास करून घडणार काय?

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. पेशीत प्रथिनं कशी मोडतात यावर संशोधन करायचं म्हणते. मी म्हणतो, बी.एड. कर. मोडण्याचा अभ्यास करून घडणार काय? – एक पालक, कराड

उत्तर : नमस्कार. शेवटचं वाक्य वाचून हसू आलं, पण शंका रास्त आहे. शास्त्रज्ञसुद्धा बरीच वर्षं प्रथिनं बनतात कशी, यामागेच होते. मोडणं म्हणजे केर काढणं, त्यात काय बघायचं!

१९८२ मध्ये अमेरिकेत वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत टिम हंट हे ब्रिटिश शास्त्रज्ञ सी-अर्चिन या काटेरी समुद्री जीवाची फलित अंडी तपासत होते. थोड्या थोड्या वेळाने नमुना काढायचा, त्यातली प्रथिनं जेलवर, म्हणजे त्यांना वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागणाऱ्या चकतीवर, पाहायची. एक पट्टा गडद होत जाई आणि पेशी विभागायच्या सुमाराला गायब. मग पुन्हा उमटे, पुन्हा गायब. या पट्ट्यातलं प्रथिन म्हणजेच सायक्लिन. ते मोडल्याशिवाय पेशीला विभाजन उरकता येत नाही. २००१ च्या नोबेलमध्ये हंट यांचा वाटा होता. कोणतं प्रथिन मोडायचं याची चिठ्ठी लावणाऱ्या युबिक्विटिनवरच्या कामाला २००४ चं मिळालं.

डीएनएच्या दुरुस्तीची गोष्ट तर आणखी मजेशीर. पी५३ नावाचं प्रथिन पेशी सतत बनवते आणि लगेच मोडून टाकते. शुद्ध उधळपट्टी वाटते ना? पण डीएनए तुटला की हे मोडणं थांबतं, पी५३ साठतं, विभाजन अडवलं जातं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. ऐन वेळी नवं बनवायला घेण्यापेक्षा हे झटपट होतं.

आता पोटापाण्याचं. पेशीचं हे मोडण्याचं यंत्रच अडवणारं बोर्टेझोमिब हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध २००३ पासून वापरात आहे आणि भारतीय कंपन्याही ते बनवतात. म्हणजे विषय नुसता पुस्तकी नाही. मात्र वाट लांबची : एम.एस्सी., नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. श्रीमंती नाही, पण घरून पैसे मागवावे लागत नाहीत.

मला काळजी विषयाची नाही, स्वभावाची आहे. या कामात पेशींना औषध देऊन नवं प्रथिन बनणं थांबवतात, दर वीस मिनिटांनी नमुना काढतात आणि दुसऱ्या दिवशी पट्टा किती फिका झाला ते बघतात. पट्टा धूसर आला की सगळं पहिल्यापासून. चौथ्यांदा तेच करताना तिला कंटाळा येतो की चेव, हे तुम्हाला-मला घरबसल्या कळणार नाही.

तेव्हा परीक्षा झाल्यावर दोन महिने तिला एखाद्या प्रयोगशाळेत काम करू द्या. पुण्यात एनसीसीएस हे पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, खारघरला अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र. ईमेल तिने स्वतः लिहावा, तुम्ही नको. दहा पाठवले की एखादं उत्तर येतं. तोवर जॅम आणि गॅट-बी या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षांचे फॉर्म भरून ठेवा. बी.एड. काय, एम.एस्सी.नंतरही करता येतं.