एनबीएमधून निवृत्त झालेल्या कोणत्या गार्डना हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळायला हवी?

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि हॉल ऑफ फेम म्हणजे या खेळातल्या दिग्गजांचं सन्मान-दालन. तिथे टिम हार्डवे 2022 मध्ये आणि चॉन्सी बिलप्स 2024 मध्ये आत गेले, मग आता बाहेर कोण राहिलं आणि डेरिक रोझचं काय, असं तुम्ही विचारलं आहे. रोझकडे शेवटी येतो. माझ्या यादीत पहिलं नाव मार्क प्राइस.

नाशिकला शाळेच्या संघात मी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा गडी होतो. सरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती: दोघं अंगावर आले की चेंडू सांभाळत दोन पावलं मागे ये आणि मोकळ्या गड्याला पास दे. 1991 मध्ये शिकायला अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रनला आलो आणि त्याच हिवाळ्यात रिचफिल्डच्या कोलिसियममध्ये, अगदी वरच्या रांगेत बसून, क्लीव्हलँडचा हा जेमतेम सहा फुटी गार्ड पाहिला. त्याचा सहकारी ब्रॅड डॉहर्टीने स्क्रीन लावली, म्हणजे अंगाने बचावपटूची वाट अडवली, दोन बचावपटू प्राइसवर धावले, आणि तो मागे आलाच नाही. त्या दोघांमध्ये जी फट होती तिच्यातून त्याने चेंडू गुडघ्याखाली टप्पा देत पुढे काढला आणि पाठोपाठ स्वतः निसटला. पुढे तीनच बचावपटू आणि आपले चार! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. आज प्रत्येक चांगला गार्ड हे करतो, अकादमीतल्या पोरांनाही शिकवतात. त्या काळी हेच आपलं मुख्य हत्यार म्हणून रोजच्या रोज वापरणारा दुसरा कोणी माझ्या पाहण्यात नव्हता.

आकडे हवे असतील तर तेही आहेत. 1986 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, तो 25 वा निवडला गेला, डॅलसने घेतला आणि लगेच क्लीव्हलँडला देऊन टाकला. पुढे चार वेळा ऑल-स्टार, म्हणजे निवडक ताऱ्यांच्या सामन्यात, आणि 1993 मध्ये ऑल-एनबीए पहिल्या संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम पाचांत. 1988-89 च्या हंगामात मैदानी फेकींत 50, तीन गुणांच्या फेकींत 40 आणि फ्री थ्रोमध्ये 90 टक्क्यांच्या वर. एकाच हंगामात हे तिन्ही त्याच्याआधी फक्त लॅरी बर्डला जमलं होतं. 1998 मध्ये निवृत्त झाला तेव्हा 90.4 टक्के फ्री थ्रो हा लीगचा कारकिर्दीचा उच्चांक होता. तरीही 2025 पर्यंतच्या एकाही तुकडीत त्याचं नाव नाही.

विरोधात दोन मुद्दे नेहमी येतात. एक, विजेतेपद नाही. अहो, 1988, 1989, 1992 आणि 1993, चारही वेळा प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, क्लीव्हलँडला बाहेर काढलं ते मायकल जॉर्डनच्या शिकागोने. आणि विजेतेपदाशिवाय हार्डवे आत गेलाच ना? दुसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो: कारकीर्द छोटी, 722 सामने. 1990 च्या नोव्हेंबरात अटलांटात चेंडूमागे धावताना तो कडेच्या जाहिरातीच्या फलकावर आदळला, गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि तो हंगाम तिथेच संपला. पण सिडनी मॉन्क्रीफही गुडघ्यांमुळे 767 सामन्यांवर थांबला होता, त्याला 2019 मध्ये घेतलं. शिखर किती उंच होतं हे त्याच्या बाबतीत पाहिलं, तर प्राइसच्या बाबतीतही तेच पाहायला हवं.

प्राइसचं नाव घेतलं की केविन जॉन्सन आठवतोच. 1987 मध्ये क्लीव्हलँडनेच त्याला सातव्या क्रमांकावर निवडलं होतं, पण प्राइस असताना त्याला खेळायला मिळणार किती? काही महिन्यांतच त्याला फीनिक्सला पाठवलं. तिथे लागोपाठ तीन हंगाम त्याने सरासरी 20 हून जास्त गुण आणि 10 हून जास्त असिस्ट (थेट गुण मिळवून देणारे पास) काढले. 1993 च्या अंतिम मालिकेतला तिसरा सामना तीन वेळा जादा वेळेत गेला, त्यात हा 62 मिनिटं खेळला आणि फीनिक्सने तो जिंकला. निव्वळ खेळावर बोलायचं तर माझं मत त्यालाही आहे.

गस विल्यम्सबद्दल बोलताना मला वाईट वाटतं. 1979 मध्ये सिअ‍ॅटल जिंकलं, त्या अंतिम मालिकेत सर्वाधिक गुण त्याचे होते. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला त्याचा जोडीदार डेनिस जॉन्सन. करारावरून वाद झाला म्हणून विल्यम्स 1980-81 चा अख्खा हंगाम घरी बसला आणि सिअ‍ॅटल 34 विजयांवर अडकलं. तो संघाला किती लागत होता याचा याहून मोठा पुरावा काय द्यायचा? डेनिस जॉन्सन 2007 मध्ये वारला, त्याला हॉलमध्ये घेतलं 2010 मध्ये. विल्यम्स 2025 च्या जानेवारीत वारला, तोवर तो बाहेरच होता.

स्टीफन मारबरीचं नाव वाचून काही जण नाक मुरडतील. पण स्प्रिंगफिल्डचा हा हॉल एनबीएचा नाही, बास्केटबॉलचा आहे. जिथे 1891 मध्ये नेस्मिथनी हा खेळ शोधला त्या गावातला. म्हणून तर तिथे एनबीएत एकही सामना न खेळलेला ग्रीसचा निकोस गॅलिस आहे. मारबरीने चिनी लीगमध्ये बीजिंगला 2012, 2014 आणि 2015 अशी तीन विजेतेपदं मिळवून दिली आणि त्या शहराने त्याचा पुतळा उभारला. एनबीएत दोन वेळा ऑल-स्टार, वर हे सगळं. निदान गंभीर चर्चा तरी व्हायलाच हवी.

आता रोझ. 2011 मध्ये 22 व्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, लीगच्या इतिहासातला सर्वांत लहान. पुढच्याच वर्षी प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात गुडघा गेला. त्याचे चाहते हा एक पुरस्कार पुढे करतात आणि निवड समितीही बहुधा तेच पाहील, कारण पात्र झालेला एकही एमव्हीपी आजवर बाहेर राहिलेला नाही. माझी हरकत नाही. फक्त थोड्याच काळ टिकलेल्या शिखरावर रोझ आत जाणार असेल, तर त्याच्या आधी रांगेत प्राइस उभा आहे.