डिझेल पंपाच्या शाफ्टमध्ये अडकलेली चावी कशी काढायची?

तुम्ही लिहिलंय की जुन्या जीपच्या डिझेल पंपाचा गिअर पुलरने निघाला पण शाफ्टवरची हाफमून चावी (गिअर शाफ्टवर जागी धरणारा अर्धगोल लोखंडी तुकडा) गंजून बसलीय, पक्कडीने ओढली तरी हलत नाही, आणि मेकॅनिक म्हणतोय गॅस मारू, म्हणजे ज्योतीने तापवू. गॅस अजिबात मारू देऊ नका. चावीच्या मागेच ऑइल सील असतं, रबराचं, तापलं की गेलं आणि मग पंप लीक. शिवाय आजूबाजूला डिझेल सांडलेलं असतं ते वेगळंच.

कुर्ल्याला आमचं गॅरेज आहे, पावसाळ्यानंतर अशा गाड्या येतातच. ही चावी खालून गोल असते आणि शाफ्टमधली खाचही तशीच गोल कापलेली असते, म्हणून ओढण्यापेक्षा तिला जागच्या जागी फिरवायचं. आधी घासलेट किंवा डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर तसंच ठेवा, सकाळी खाचेच्या कडेचा गंज सुईने खरवडून काढा. खाली टायमिंग कव्हर (गिअरवरचं झाकण) उघडं असेल तर त्यात कापड घट्ट कोंबा, हे विसरलात आणि चावी आत पडली तर सगळं कव्हर खोलावं लागेल. मग सपाट तोंडाचा छोटा पंच घ्या, चावीच्या एका टोकावर ठेवा आणि हलक्या हातोडीने टकटक करा, ते टोक खाली जातं आणि दुसरं वर येतं. पंप गाडीवरून उतरवलेला असेल तर शाफ्टखाली लाकूड द्या, नाहीतर प्रत्येक ठोका बेअरिंगवर जातो. आणि शाफ्टच्या तोंडावर समोरून तर हातोडी मारूच नका. टोक जरा वर आलं की साइड कटरने दोन्ही बाजूंनी पकडा, शाफ्टवर पातळ पत्रा ठेवून त्याच्या टेकूने उचला, सुटते. स्क्रू ड्रायव्हर सीलच्या बाजूने घालू नका, एक ओरखडा पुरतो.

चावी वरून कापली गेली असेल, म्हणजे शाफ्टच्या लेव्हलला आली असेल, तर सेंटर पंचने तिच्या टोकाजवळ खूण पाडा आणि पंच तिरका धरून त्याच खुणेत ठोका, फिरते. तेही नाही झालं तरच बारीक ड्रिल, आणि तेव्हा घाई करू नका, ड्रिल घसरून खाचेची कड गेली तर शाफ्ट बदलायची वेळ येते.

जुनी चावी परत टाकू नका पण फेकूही नका, ती घेऊन मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जा, व्हर्नियरने मापून तशीच घ्या, अंदाजाने आणू नका कारण मिलिमीटर आणि इंची दोन्ही साइज मिळतात आणि डोळ्यांना सारख्याच वाटतात. खाचेतला बर, म्हणजे कडेला उठलेली धार, बारीक कानशीने काढा. नवी चावी हलक्या ठोक्यात बसली पाहिजे, बोटाने हलत असेल तर खाच रुंद झालीय आणि मग पंपाचं टायमिंग (डिझेल सोडायची वेळ) जागेवर राहणार नाही. खरा जोर शाफ्टच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या भागावर येतो, चावी फक्त गिअर योग्य जागी धरते, बरेच जण उलटं समजतात आणि गिअरचा नट ढिला ठेवतात, म्हणूनच चाव्या कापल्या जातात. त्यामुळे टेपर आणि गिअरचं भोक कोरडं पुसून घ्या, ग्रीस लावू नका, आणि नट तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचनेच आवळा.