जुना बँड एकाच थिएटरात वाजवायला लागला म्हणजे संपला का?

तुम्ही विचारलंय की, स्टेडियमं गाजवलेला तुमचा आवडता रॉक बँड आता टूर सोडून एकाच थिएटरात ओळीने दहा रात्री वाजवणार आहे, तर हा त्यांचा उतार समजायचा का आणि खर्च करून जावं का.

उतार नाही. आमच्या ग्रुपमधल्या जुन्या गिटारिस्टला मी हे कित्येक वर्षं सांगत आलोय, आज तुमच्या निमित्ताने सविस्तर सांगतो.

वयाचा भाग आहेच. एरोस्मिथ या अमेरिकन रॉक बँडची निरोपाची टूर सप्टेंबर 2023 मध्ये तीन शो होताच थांबली, गायक स्टीव्हन टायलरच्या गळ्याला इजा झाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी टूर करणंच सोडलं. पण ऑलमन ब्रदर्स बँड न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरात पहिल्यांदा ओळीने वाजवायला बसला तो 1989 साली. त्यांचा गायक ग्रेग ऑलमन तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. त्याला म्हातारा म्हणणार? बाकीच्या वेळी ते बाहेर दौरे करतच होते, तरी बहुतेक दर वर्षी मार्चमध्ये बीकनला परत यायचे. 2014 च्या ऑक्टोबरपर्यंत तिथे 200 हून जास्त शो झाले. थिएटर केवढं, तर 2,800 च्या आसपास खुर्च्यांचं. गिटारवाला एरिक क्लॅप्टनने 1991 साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 24 रात्री लावल्या. कधी चौघांचा बँड, कधी नऊ जणांचा, कधी ब्लूजवाले, कधी अख्खा ऑर्केस्ट्रा. थकलेला माणूस एवढा खटाटोप करत नाही.

मी बास गिटार वाजवतो. गोव्यातला, फोंड्याकडचा. आमचा ग्रुप लग्नं, फेस्तांचे डान्स, हॉटेलांची लॉन्स असं सगळं करायचा. पावसाळा लागला की किनाऱ्यावरचे शॅक बंद, लॉनवरचे कार्यक्रम बंद, आणि आम्ही घरी. अशाच एका जूनमध्ये मी म्हापशाजवळच्या एका संस्थेचा छोटा हॉल शनिवारांसाठी ठरवला. बाकीचे तयार झाले. गिटारिस्ट म्हणाला, "अरे, हॉल म्हळ्यार पेन्शन!" आला, पण तोंड पाडून.

पहिल्या शनिवारी पुढच्या रांगांत घरचीच माणसं. वर पत्रे, त्यावर पाऊस धो धो. हळू गाण्यात तर गायकाचा आवाजच पोचेना. आम्ही आवाज वाढवला, तर सगळा गलका झाला. पुढच्या शनिवारी ड्रमरने काठ्या ठेवून ब्रश घेतले, मी अर्धे सूर गाळले, आणि अचानक गिटार ऐकू यायला लागली. त्याची बोटं तारेवरून घसरताना होणारा आवाजसुद्धा. दुसऱ्या रांगेत एक निवृत्त मास्तर बसायचे, दर शनिवारी तेच. एकदा त्यांनी एक गाणं परत मागितलं आणि वर बजावलं, "गेल्या शनिवारी वाजवलंत तसं नको हं, ते ऐकून झालं." त्या गाण्यात गिटारिस्टने जे वाजवलं, तसं मी त्याच्याकडून आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मोसम सुरू झाल्यावर तो किनाऱ्यावरच्या मोठ्या स्टेजवर गेला. तिथे काय झालं? कार्यक्रम उशिरा सुरू झाला, दहा वाजता नियमाप्रमाणे लाउडस्पीकर बंद, ह्यांची गाणी अर्धी राहिली आणि आयोजकाने पैसेही अर्धेच दिले. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, बंद सभागृहाला ती बंदी नाही, हे गोव्यात वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी आजही कुठल्या जुन्या बँडने असे शो जाहीर केले की त्याचा फोन येतो, "बघ, थकले."

मैदानात आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर मीटर मागे उभ्या माणसाला ड्रमरचा हात आधी दिसतो, ठोका नंतर येतो. मधे वेगळे स्पीकर लावून, त्यांचा आवाज मुद्दाम उशिराने सोडून मेळ घालावा लागतो, आणि वारा फिरला की वरचे सूर उडाले. थिएटरात साउंडवाल्याला खोली पहिल्या रात्री कळते, तिसऱ्या रात्री तो बारीकसारीक गोष्टींकडे वळतो. बँडही तसाच. रोज ट्रक भरणं-उतरवणं नाही, दुपारी नवीन गाणं बसवायला वेळ मिळतो.

आणि आपल्याला हे नवं का वाटावं? जत्रेतल्या संगीत नाटकाला लोक कथा कळायला जातात का? कथा पाठच असते. आज तेच पद हा कसा घेतो हे ऐकायला जातात, आणि मनासारखं झालं की वन्समोअर देतात.

म्हणून जाण्याआधी एकच बघा: तुमचा बँड रोज गाणी बदलतो का, तेच गाणं वेगळं वाजवतो का? आधीच्या रात्रींच्या गाण्यांच्या याद्या नेटवर मिळतात, त्या शेजारी ठेवून बघा. दहाही रात्री तीच यादी त्याच क्रमाने असेल तर ती टूरच, फक्त ट्रकचं भाडं वाचलेलं. तसं असेल तर एक रात्र पुरे. बदलत असेल तर लागोपाठ दोन रात्री काढा, पहिली रात्र सोडून, आणि खुर्ची साउंडवाल्याच्या मिक्सरच्या आसपासची घ्या, महाग पुढची नको. लास व्हेगासच्या स्फिअरमधले शो मात्र यात धरू नका. अठरा हजारांच्या आसपास माणसं मावतात तिथे, ते थिएटर नव्हे.

एक राहिलं, आणि इथे गिटारिस्टचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. टूर होती म्हणून 2007 साली आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड बेंगळुरूला आला आणि गोव्यातली पोरं रात्रीची बस पकडून ऐकायला गेली. थिएटरात बसलेला बँड आपल्याकडे येत नाही, आपणच व्हिसा काढून जायचं. तेव्हा तिकिटाआधी विमानाचं भाडं बघा, आणि तिथे राहायला घरचं कोणी असेल तरच दुसऱ्या रात्रीचा विचार करा.