वाचकांचे प्रश्न : कॅमेरा, धूळ अन् कूलर

प्रश्न : भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यावर राहतो, लग्नाचे फोटो काढतो. मागच्या उन्हाळ्यात छोट्या कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन अटकली, दुरुस्तीत बराच पैसा गेला. आता सेकंडहँड डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घेतला, हा तरी बिघडू नये म्हणून काय सांभाळू?

उत्तर : लेन्स अटकली ती बहुतेक धुळीपायी. नळी जिथं सरकते तिथं रेतीचा कण गेला तरी मोटर अडते अन् एरर येतो, तेव्हा हातानं ओढाताण करू नका, आतले गिअर तुटतात. डीएसएलआरमध्ये धोका लेन्स बदलताना असतो, धूळ आत जाऊन सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या भागावर बसते मग प्रत्येक फोटोत त्याच जागी काळा ठिपका दिसतो. म्हणून हळदीच्या मांडवात, कापसाच्या जिनिंगजवळ, कच्च्या रस्त्यावर लेन्स बदलूच नका, घरूनच लावून न्या, अन् बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून तोंड खाली धरा. काच पुसायच्या आधी रबरी ब्लोअरनं धूळ उडवा, तोंडानं फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात, अन् दुपट्ट्यानं तर बिलकुल नको, तेच कण काचेवर घासले जाऊन चरे पडतात.

आता कूलरचं, हे आपल्याकडं कोणी ध्यानातच घेत नाही. बाहेर पारा ४५ च्या वर अन् बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच वापरा म्हणून माहितीपुस्तकात लिहिलेलं असते, म्हणून गाडीच्या डिक्कीत ठेवू नका हे खरं, पण घरी आल्यावर तो कूलरसमोरच्या टेबलावर ठेवणंही चूकच. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा गार असते तशी ओलीही असते, अन् खोली बंद असली की तो ओलावा तिथंच राहते. अशा दमटपणात लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, अन् ती वाढली की काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंगच खाते, मग साफ करूनही डाग राहतात. पावसाळ्यात तर जास्तच जपा. चामड्याच्या कव्हरात बंद करून कपाटात टाकू नका, चामडं ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की बदला. काम नसलं तरी आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चार फोटो काढा.

बाकी कार्डचा लाईट लुकलुकत असताना कार्ड काढू नका, अन् सीझन संपल्यावर बॅटरी काढून वेगळी ठेवा.