आजी देवी नव्हती, हे लिहू का?

ताई, आजीला जाऊन आठ महिने झाले. पहिल्या स्मृतिदिनाला घरच्यांपुरती पुस्तिका काढायचं ठरलंय आणि लिहायचं माझ्यावर आलंय. काका म्हणतात, ‘माउली होती, तसंच लिही.’ पण आजी फटकळ होती, हिशेबी होती. आईला तिनं वर्षानुवर्षं टोमणे मारले. माझ्यावर मात्र तिचा फार जीव. खरं लिहिलं तर घरचे दुखावतील, गोडगोड लिहिलं तर ती माझी आजीच उरणार नाही. काय करू?
– एक नात

नातीबाई,

तुझ्या पत्रात मला सगळ्यात आवडला तो ‘हिशेबी’ हा शब्द. त्यात बाई दिसते. ‘प्रेमळ, कष्टाळू, सोशिक’ हे कुणाच्याही फोटोखाली खपून जातं. फटकळ म्हणतेस, तर ती नेमकं काय बोलायची ते तिच्याच शब्दांत लिही. वाचताना काकाच आधी हसतील बघ.

टोमण्यांचं मात्र वेगळं आहे. ते आईनं सोसलं, तेव्हा ते छापायचं की नाही हे आईच ठरवणार. तू नाहीस आणि काका तर नाहीतच. तिच्याशी एकटीशी बोल. ‘सासूबाई कशा होत्या?’ असं विचारलंस तर ‘चांगल्या होत्या’ एवढंच हाती लागेल. ‘या घरात आलीस, त्या पहिल्या आठवड्यात त्या तुला काय म्हणाल्या?’ असं विचार आणि मग मध्ये बोलू नकोस. ती ‘नको लिहूस’ म्हणाली तर गाळ. पण म्हणून ‘दोघी मायलेकींसारख्या होत्या’ असंही लिहू नकोस. तेवढं एक वाक्य आईच्या जिव्हारी लागेल.

काकांना त्यांचं स्वतःचं पान दे, खाली त्यांचं नाव घालून. त्यांची आई गेलीय. त्यांना ती माउलीच वाटणार. एकच प्रसंग दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितला तर न्यायनिवाडा करत बसू नकोस, दोन्ही छाप. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं १९३२ सालीच दाखवून दिलं होतं, की आठवण जशीच्या तशी साठवलेली नसते, दर वेळी आपण ती नव्यानं जुळवतो. म्हणजे दोघांपैकी कुणी खोटारडं असायलाच हवं असं नाही.

आणि ती काही जन्मतः आजी नव्हती! तुझ्या पत्रात तिचं लहानपण कुठेच नाही. तिची एखादी बहीण, भाऊ, मैत्रीण हयात असेल तर याच आठवड्यात जा. ती कशाला घाबरायची, कुणाशी भांडायची, तिला काय व्हायचं होतं, हे विचार. फोटो घेऊन जा. फोटो समोर असला की माणसं आपोआप बोलू लागतात. सांगतील ती नावं फोटोंमागे मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिही. बॉलपेन दाबून चालवलंस तर पुढून चेहऱ्यावर वळ उठतात. माझ्या आजीच्या बहिणीकडे जायचं मी दोन वर्षं ‘पुढच्या सुट्टीत’ म्हणत राहिले. आता ते फोटो आहेत, पण त्यातली निम्मी माणसं कोण हे सांगायला कुणी नाही.

तिचे व्हॉइस मेसेज फोनमध्ये असतील तर फोन बदलण्याआधी बाहेर काढून दोन ठिकाणी ठेव.

आणि हो, ती हिशेबी होती ना? मग वही असेलच कुठेतरी. शोध, आणि त्यातलं एक पान तिच्या अक्षरासकट, खाडाखोडीसकट पहिल्याच पानावर छाप.

– तुझी ताई