आईच्या गाठीतला बदल आमच्यातही असेल का?

प्रश्न : आई ५८ वर्षांची, तंबाखूला कधी हात लावला नाही. मिरजेला बायोप्सी झाली. रिपोर्टात 'ॲडेनोकार्सिनोमा, ईजीएफआर पॉझिटिव्ह, एक्झॉन १९ डिलीशन' असं आलंय. हे चिनी-जपानी लोकांत जास्त असतं म्हणतात. मग आमच्या रक्तातच काही आहे का? आम्ही भावंडांनी तपासून घ्यावं का?
(एक वाचक, तासगाव)

उत्तर : नको. ॲडेनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार, ईजीएफआर हे पेशींच्या वाढीशी संबंधित जनुक, आणि 'एक्झॉन १९ डिलीशन' म्हणजे त्या जनुकाचा एक छोटा तुकडा गळालेला. हा बदल आईच्या फुप्फुसातल्या पेशींत त्यांच्या हयातीत घडलेला आहे; तो पोटच्या मुलांत उतरत नाही. ईजीएफआरचा जन्मजात बदल असलेली घराणी जगात आहेत, पण अगदी मोजकी, आणि त्यांच्यात बहुधा टी७९०एम हा वेगळा बदल सापडतो.

ऐकलंत ते मात्र खरं आहे. या प्रकारच्या कर्करोगात ईजीएफआरचा बदल पूर्व आशियात शंभरातल्या ४० ते ५० जणांत सापडतो, युरोपीय वंशाच्या लोकांत १० ते १५ जणांत. आपण भारतीय मधे, साधारण २५ ते ३०. केरास या दुसऱ्या जनुकातल्या बदलाचं उलट आहे, तो युरोपीयांत जास्त. हा फरक नुसता विडी-सिगारेटचा म्हणावा तर तसंही नाही. मेक्सिको-कोलंबियाकडच्या रुग्णांत मूळ अमेरिकी वंशाचा अंश जितका जास्त, तितका ईजीएफआरचा बदल जास्त आढळला, आणि धूम्रपानाचा हिशेब धरूनही तो फरक उरला.

पण हे आकडे समूहाचे. समोरच्या रुग्णाची गाठ कुठल्या प्रकारची, ते तिचा तुकडा तपासल्यावरच कळतं. विडी ओढणाऱ्यांत हा बदल कमी सापडतो, तरी 'यांच्यात नसणारच' म्हणून तपासणी टाळणं चूक आहे. बदल सापडला तर ऑसिमर्टिनिबसारखी रोजची गोळी चालते, सुरुवातीलाच केमो लागेलच असं नाही.

प्रश्न : वडिलांची बायोप्सी झाली, पण जनुक तपासणीला 'नमुना अपुरा' असा शेरा आला. आता?
(एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : आधी पॅथॉलॉजीत पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेला तुकडा) शिल्लक आहे का विचारा, नुसत्या काचा (स्लाइड) आणू नका. बऱ्याचदा बारीक तुकडा वेगवेगळे रंग देण्यातच संपतो. पुन्हा बायोप्सी ठरली तर तुकडा लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावात) जायला हवा आणि त्यात ६ ते ४८ तास राहायला हवा. शनिवारी घेतलेला नमुना मंगळवारपर्यंत बरणीत पडून राहिला की डीएनए तुटतो. हाडातला तुकडा असेल तर तो तीव्र आम्लात मऊ करू नका, ईडीटीए हे सौम्य रसायन वापरा, असं आधीच सांगून ठेवा. छातीत पाणी असेल तर त्यातल्या पेशी गोळा करूनही तसाच ब्लॉक (सेल ब्लॉक) होतो.

रक्तावरची तपासणीही करता येते. ती पॉझिटिव्ह आली तर भरवशाची. निगेटिव्ह आली म्हणजे बदल नाहीच, असं धरू नका. तब्येतीमुळे थांबणं शक्य नसेल तर केमो सुरू करता येते, पण इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणारं औषध) रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. इम्युनोथेरपीच्या पाठोपाठ ऑसिमर्टिनिब दिली तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो.