गाळा थांबेल, मुलीला जाऊ द्या

प्रश्न : माझी मुलगी मानसोपचारात एम.डी. झाली. तिच्या दवाखान्यासाठी गंगापूर रोडला गाळा घेऊन ठेवलाय. आता ती म्हणते, शारीरिक आजारांसाठी दाखल रुग्णांच्या मानसोपचाराची आणखी वर्षभर फेलोशिप करायची. एम.डी.च्या तीन वर्षांत हे शिकवत नाहीत का?
– एक वडील, नाशिक

उत्तर : शिकवतात, पण थोडं. ते किती अपुरं पडतं, हे माझ्याच हातून घडलेल्या चुकीवरून सांगते.

एम.डी. होऊन मला वर्षही झालं नव्हतं. ऑर्थोपेडिक वॉर्डातून कॉल आला. निफाडकडच्या आजी, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. बोलेनात, जेवेनात, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. केसपेपरवर लिहिलेलं : 'डिप्रेशन?' मीही तेच धरलं आणि गोळी सुरू केली. सून सांगत होती, "मॅडम, सकाळी बऱ्या असतात, दिवस कलला की मलाच ओळखत नाहीत." मी मान डोलावली आणि निघाले. पाचव्या दिवशी आजींना झटके आले. रक्तातलं सोडियम ११२, म्हणजे धोकादायक कमी! बीपीच्या गोळीनं ते आधीच उतरलं होतं, माझ्या गोळीनं आणखी खाली नेलं. आजारानं मेंदूला आलेली ती भ्रमावस्था होती, डिलिरियम. आरडाओरडा नसलेला, गप्प प्रकार. आजी वाचल्या. दिवसभरात असं कमी-जास्त होणं हीच डिलिरियमची खूण. सुनेनं तर निदानच सांगितलं होतं हो!

तुमची मुलगी हेच शिकायला निघाली आहे. मनःस्थिती सावरणारं लिथियम हे औषध डायलिसिसमध्ये धुऊन निघतं, मग डोस कधी द्यायचा? स्टेरॉइडनं आलेला उन्माद कसा ओळखायचा? पाय कापायला नकार देणारा मधुमेही समजून-उमजून नाही म्हणतोय का? अमेरिकेत २००३ मध्ये या विषयाला स्वतंत्र उपशाखा म्हणून मान्यता मिळाली. तिथेही रेसिडेन्सीनंतर, म्हणजे आपल्या एम.डी.सारख्या प्रशिक्षणानंतर, एक वर्षाचीच फेलोशिप असते.

जागा निवडताना तिनं नावाला भुलू नये. आयसीयू, डायलिसिस, कॅन्सर, प्रसूती अशा सगळ्या वॉर्डांतून रोज कॉल येतात का, आणि सोबत वरिष्ठ डॉक्टर खाटेपाशी येतात का, हे आधीच्या विद्यार्थ्यांना विचारावं. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. कुठल्या फेलोशिपला मान्यता आहे, याची चौकशी तिथे करा.

गाळा वर्षभर भाड्यानं द्या. आणि ती परतली की दवाखान्याबरोबर एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातही तिला रोज तासभर जाऊ द्या.